एका घागरीची चौकशी

मालकांना सल्ला देणाऱ्या वकिलाला काळीज नसतं, असं मी कॉलेजात ठणकावून सांगायचो. आणि ज्युनिअर म्हणून लागलो तो नेमका तशाच वकिलाकडे! लातूर नुकताच जिल्हा झाला होता, त्यात दुष्काळ. मुरुडच्या एका तेलगिरणीच्या शेठजींना महादू नावाच्या कामगाराला काढून टाकायचं होतं. का, तर त्यानं गिरणीच्या हौदातून घागरभर पाणी घरी नेलं. मी चिडून आमच्या साहेबांना विचारलं, "यात तुम्ही सल्ला तरी काय देणार?"

"एवढाच, की त्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला काढता येत नाही."

चौकशीला आम्ही गिरणीतच बसलो. आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ही आपली रीत. शेठजींनी सगळ्यांपुढे पेले ठेवले, महादूपुढेही. त्याचे ओठ सुकले होते, पण तो पेल्याला हात लावेना.

"पी की रे," शेठजी म्हणाले.

"न्हाई मालक. ह्यो गिलास तुम्हीच दिला, हे आधी वकीलसाहेबांना लिहून घिऊ द्या. न्हाईतर उद्या ह्याचीबी नोटीस यायची."

मला हसू आवरेना. शेठजी मात्र मान खाली घालून बसले.

साहेबांनी शांतपणे पेन उघडलं. "बोला शेठजी, काय लिहू?"

शेठजी म्हणाले, "लिहा. गिलास मीच दिला. अन् ती घागरबी मीच दिली."