हळद लागलेलं पिस्तूल

…नाही, तुम्हीच सांगा, माणसाने बावीस वर्षं तळोज्याच्या कारखान्यात बादल्या तपासल्या हा काय गुन्हा आहे का हो? बादल्या, टब, मग, झाकणाचे डबे… साच्यातून माल निघाला की मी बघायचं, कड नीट आहे का, सांधा वर आलाय का, कडीची भोकं सरळ आहेत का, आणि नापास असेल तर खडूने फुली मारायची. संपलं! पण नातेवाईक! कुणाच्या टाकीला चीर गेली, बोलवा प्रभाकरला. कुणाची खुर्ची बसल्या बसल्या मोडली, बोलवा प्रभाकरला. का? तर म्हणे, ‘प्लास्टिकचं तुम्हालाच कळतं!’

तर आमचे साडू, गुरुदत्तराव. आमच्या हिच्या, म्हणजे शशिकलेच्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईंचे यजमान. पनवेलला प्लॉटची दलाली. विमानतळ येणार, येणार अशी तेव्हा नुसती बोलवा होती, पण यांनी तेवढ्यावर नेऱ्याला फार्महाऊस बांधलं, मागेपुढे लॉन, मध्ये कारंजं. आणि माझ्या सईचा साखरपुडा त्या लॉनवर करू असं तोंडभरून कबूल केलं. दसऱ्यानंतर बाराव्या दिवशीचा मुहूर्त! मी मुलाकडच्यांना सांगून बसलो, ‘कारंजं आहे हो!’ करंजाड्याला आमची दोन खोल्यांची जागा, पाहुणे उभे राहिले तर दार लागत नाही. म्हणजे माझी शेंडी कुणाच्या हातात? साडूंच्या!

आणि अशात तुम्हाला सांगतो, त्यांना पिस्तुलाचं लायसन मिळालं. सकाळी सात वाजता फोन. ‘प्रभाकरराव, रजा टाका, मुंबईला जायचंय, पिस्तूल घ्यायला.’ अहो, माझा काय संबंध? मी उभ्या आयुष्यात ढेकूण मारला नाही! तर म्हणाले, ‘हल्ली त्याची बॉडी पॉलिमरची येते. पॉलिमर म्हणजे काय? प्लास्टिकच ना? मग? प्लास्टिकचं तुम्हालाच कळतं!’

गेलो. दुकानदाराने काचेवर मखमल पसरली, त्यावर दोन पिस्तुलं मांडली. एक काळं, एक बिस्किटी. मला त्यातलं काय कळतंय? मी आपलं सवयीने उचललं, उजेडात धरलं, सांध्यावरून नख फिरवलं, वास घेतला… दुकानदार बघतोच आहे. दोन्हींच्या मुठी हलक्या, वरचा लोखंडी भाग जड, म्हणजे हातात धरलं की डोकं मोठं असलेल्या बाळासारखं पुढे कलतंय. मी विचारलं, ‘टाकून बघितलंय का कधी? आमच्याकडे सहा फुटांवरून पाडतात, पाणी भरून.’ दुकानदार ओरडला, ‘अरे साहब, ये बाल्टी नहीं है!’

काळं दिसायला काय रुबाबदार हो! मुठीला बोटांसाठी खाचा. पण साडूंच्या बोटांत पोवळं, गोमेद आणि तर्जनीत हा एवढा पुष्कराज! खाचांत बोटं बसेनात, चापापर्यंत तर बोट पोचेचना! म्हणजे चोर आला तर त्याला म्हणायचं, ‘बस रे बाबा दोन मिनिटं, साबण लावून अंगठी काढून येतो’? बिस्किटीची मूठ सरळसोट, जेवणाच्या डब्यासारखी चौकोनी, चापाभोवतीची कडी ऐसपैस. अंगठीसकट बोट आत! मी वर शहाणपणा केला, ‘बिस्किटीच घ्या, धूळ दिसत नाही.’ कुणी सांगितलं होतं मला? आणि निगा विचारली, तर दुकानदार म्हणाला, ‘घाम, पाणी, दमट हवा, काही होत नाही. गंजायचा सवालच नाही. कोरडा ब्रश मारा, दोन थेंब तेल सोडा, बास.’ पाण्याने काही होत नाही, एवढंच साडूंनी घरी जाऊन सांगितलं.

आला दसरा! घरात शस्त्र म्हटल्यावर सुनंदाताई सोडतात होय? पाटावर पिस्तूल. गोळ्या कपाटात, तेवढी अक्कल देवाने दिली. बाकी साग्रसंगीत! पंचामृत, झेंडूची माळ, अक्षता, आणि ओली हळद अशी भरभरून, की मुठीवर पाची बोटं उठली. आणि पूजा हलवायची नाही म्हणून रात्रभर तसंच! सकाळी साडूंनी उचललं तर नळीतून दहीभात निघाला. अहो, दहीभात! तो निघाला हो धुऊन, पण हळद? प्लास्टिकला लागलेली हळद! तुमच्या घरातला पिवळा पडलेला डबा आठवा, गेलाय कधी रंग?

लगेच फोन. ‘बिस्किटी कुणी सांगितलं? तुम्ही! प्लास्टिकचं तुम्हालाच कळतं ना? मग डाग काढा! मी ते कमरेला लावून पाहुण्यांसमोर फिरणार होतो. डाग गेला तर लॉन तुमचं, नाही तर साखरपुडा करंजाड्याच्या पार्किंगमध्ये करा!’ मागून सुनंदाताई, ‘अहो, थिनर चोळू का?’ मी किंचाळलो, ‘नको! वितळेल!’ सईने ऐकलं. बिचारी खाली गेली आणि पार्किंगमध्ये किती खुर्च्या मावतात ते मोजून आली.

उपाय एकच, ऊन. हळद उन्हाला टिकत नाही, कारखान्यातला अनुभव. पण पिस्तूल गच्चीत सोडून जाता येतं का? लायसनवाल्याने नजरेआड करायचं नाही! मग बसले साडू राखण करत, ऑक्टोबरच्या उन्हात, बनियनवर, हातात काठी. तासाला कूस बदलायची, पिस्तुलाची हो! फार्महाऊसवर कामाला कृष्णाबाई, ती सारखी वर येऊन विचारायची, ‘मालक, तुमचा ह्यो सुकला का नाय? आमाला मिरच्या टाकायच्या हायत.’

पाच दिवस! आणि सहाव्या दिवशी, तुम्हाला खोटं वाटेल, डाग साफ! पिस्तूल नवंकोरं बिस्किटी… आणि साडू? तव्याची उलटी बाजू! नुसते दात दिसत होते. साखरपुड्याला असं तोंड कसं दाखवणार? सुनंदाताई म्हणाल्या, ‘थांबा, मी आहे ना.’ आणि रोज सकाळ-संध्याकाळ लेप. कशाचा? बेसन आणि हळद!

साखरपुड्याच्या दिवशी कारंजं उडतंय, सई काय गोड दिसतेय, आणि दारात स्वागताला साडू. रेशमी कुर्ता, कमरेला पिस्तूल आणि चेहरा पिवळाधम्मक! पिस्तुलाकडे कोण बघतंय? मुलाची आत्या तिथेच थबकली, ‘नवरामुलगा आमचा, मग हळद यांना कुणी लावली?’ साडू माझ्याकडे असं बघतायत, असं बघतायत… मी शेवटपर्यंत आचाऱ्याच्या मागे उभा राहिलो.

अंगठ्या झाल्या, पेढे झाले, मी सुटलो म्हणतो, तोच मुलाच्या वडिलांनी खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं. म्हटलं, झालं, मोडतंय बहुतेक! इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, ‘व्याही, ते पिस्तूल तुम्ही निवडलंत म्हणे? माझंही लायसन आलंय परवा. चला ना बरोबर. प्लास्टिकचं तुम्हालाच कळतं!’

अहो, लग्न मे महिन्यात आहे, मुलगी अजून माझ्याच घरात आहे… म्हटलं, ‘गुरुवारी रजा टाकतो.’