पार्सलमध्ये काय होतं?

...नाही पण मी म्हणते, पुस्तक वाचून झोप आली तर बिघडलं कुठं? तुम्हाला सांगते, आमच्या वन्सं विद्यापीठात शिकवतात, आपली भाषा नव्यानं शिकणाऱ्या मोठमोठ्या घोड्यांना, तर त्या घोड्यांसाठी वाचनाचं पुस्तक निवडायचं म्हणून तीन पुस्तकं घेऊन आल्या आणि मला म्हणतात, "वहिनीबाई, तू मोठ्यानं वाच, मी ऐकते आणि मार्क देते." मी? सातवी शिकलेली! त्यात मांडीवर बाळ, दात येतायत, झोपेच्या नावानं शंख... पण वन्संना नाही कोण म्हणणार? यांची थोरली बहीण!

पहिलं पुस्तक काढलं. एकेक शब्द म्हणजे मालगाडी हो, इंजिन गेलं तरी डबे आपले येतायतच! मला धाप लागली. वन्सं म्हणाल्या, "अवघड. नापास." आणि बाळ? टक्क जागं!

दुसऱ्यात दरोडेखोर, विहिरीतून वर येणारा हात... मी आपला आवाज काढून वाचलं, "कोण आहे तिकडेऽऽ?" तर वन्संनी पायच घेतले खुर्चीवर! "उत्कंठा, दहापैकी दहा!" आणि बाळ? टक्क जागं, वर खिदळतंय!

मग तिसरं. काका पोस्टात जातात. काका रांगेत उभे राहतात. रांग मोठी आहे. काकांच्या हातात पार्सल आहे. पुढच्या धड्यात? काका रांगेतच! आणि काय सांगू, बाळाची मान कलंडली, मूठ सुटली, चक्क घोरायला लागलं! एवढं कसं झोपलं? नाकाशी बोट धरलं, तळपाय चोळले, छातीला कान लावला... वन्सं ओरडल्या, "अगं, जगू दे त्याला!"

आणि लगेच पेन उचललं. "उत्कंठा, शून्य. झोप येते."

अहो, तेच तर पाहिजे! म्हटलं, "वन्सं, दोन मार्क वाढवा की. निवडलं तर परत करायला नको, घरीच राहील हो पुस्तक."

"मार्क द्यायचेत, मुके नव्हेत! विद्यार्थी जागे राहायला हवेत."

"आणि त्यांच्या आया?"

"आयांचा काय संबंध?"

ऐका! आईचा संबंध नाही असं काही असतं का जगात?

झालं. विद्यापीठाच्या समितीनं विहिरीतला हात निवडला, काका गेले परत. आणि बाळ? टक्क जागं! शेवटी आज दुपारी पाठ होतं तेवढं म्हटलं, "काका रांगेत उभे राहतात..." झोपलं! सुटले बाई, म्हणून आडवी झाले, डोळे मिटले... आणि आठवलं. धड्याखाली प्रश्न होता, 'पार्सलमध्ये काय होतं?' अहो, धड्यात कुठं लिहिलंय? औषध होतं? काकांच्या घरी कुणी आजारी आहे का? काकूंचं तर नावच नाही कुठं! ताडकन उठून वन्संना फोन लावला.

"काहीतरीच काय! सोपं आहे, पार्सलमध्ये..." मग हळूच म्हणतात, "काय असेल गं?"

उत्कंठा शून्य म्हणे! आता बाळ गाढ झोपलंय. आणि आम्ही दोघी? टक्क जाग्या!