स्वप्नातून आलेला निरोप

चूल पेटवून मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. हे रेल्वेची रात्रपाळी करून लोणावळ्याहून आले आणि ओटीवर झोपले. तासा-दीड तासानं मिटल्या पापण्यांखाली यांची बुबुळं हलू लागली. मी हाक मारली. उठून म्हणाले, "अगं, पवनेच्या धरणातून गाडी चालली होती. तिकिटं तूच तपासत होतीस."

मंडळी, आज यांच्या शोकसभेत यांच्याबद्दल बोलायला उभी राहिले आणि ही सकाळ आठवली. बोलणं जड जातंय. तुम्ही आलात, आधार वाटला.

त्यानंतर मी वाचनालयातून झोपेवरची पुस्तकं आणू लागले. डोळे हलतात त्या झोपेत मेंदू जवळजवळ जागा असतो, अंग मात्र सैल पडतं. ठळक स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. ही झोप कशासाठी? कुणी म्हणतं आठवणी लावून ठेवायला, कुणी म्हणतं दुःखाची धार कमी करायला. जाणत्यांचंच एकमत नाही, म्हणून मीही सगळं खरं धरत नाही. पण एवढं पटलं. स्वप्न ज्याला पडतं, त्याच्याच डोक्यातलं असतं.

हे आज का सांगते? दहाव्याला घाटावरून परतल्यावर माझे धाकटे दीर म्हणाले, "वैनी, दादा आलता सपनात. म्हनला, कार्ला गावातलं वावर इकून टाका."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हनला, गिऱ्हाईक चांगलं हाय."

"कोण गिऱ्हाईक, तेही सांगितलं?"

"व्हय. त्यो बंगलेवाला."

चुलतसासूबाई लगेच म्हणाल्या, "गेलेल्याचा शबुद मोडू न्हाई, बाय."

आपल्याकडे गेलेला माणूस स्वप्नात येऊन जे मागतो, ते द्यायचं असतं. कुणी लाडू मागतं, कुणी धोतर. यांनी शेत विकायला सांगितलं? बंगले बांधायला ते शेत मागणाऱ्या बंगलेवाल्याला दारातूनच परत पाठवणाऱ्या यांनी?

भावजी, तुम्ही समोरच बसलात. खोटं बोललात, असं म्हणत नाही. स्वप्न पडलंही असेल. पण ते कुणाचं होतं? माझ्याही स्वप्नात हे येतात. चहा मागतात. त्यालाही मी यांचा निरोप म्हणत नाही. ती माझीच आठवण आहे.

आता उभे राहू या. यांच्यासाठी थोडा वेळ गप्प राहू या. त्याआधी शेताचं सांगते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कार्ल्याच्या शेतात गेले आणि यंदाच्या भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजला.