न झिजलेली टाच

(जोडे शिवायचं लहानसं दुकान, त्यालाच लागून घर. सकाळ. टपालवाली कामावर निघालेली, खांद्याला पिशवी. तिचा नवरा, जोडेवाला, तिचेच जोडे मांडीवर घेऊन बसलेला. आत त्याची थोरली बहीण, आक्का, चहा गाळते आहे.)

जोडेवाला: हे चाललेले जोडे नव्हेत.

टपालवाली: म्हणजे काय? रोज घालून जाते की मी. द्या इकडे, उशीर होतोय.

जोडेवाला: बस जरा.

टपालवाली: बसायला वेळ कुठाय? लोक पत्रांची वाट बघत असतात.

जोडेवाला: बघू देत घटकाभर. ही टाच बघ. तीन महिन्यांपूर्वी बसवली मी. तुझी टाच दीड महिन्यात बाहेरच्या अंगाला झिजते. सव्वीस वर्षं झिजत आलीय. आणि ही? माझ्या कानशीचे ओरखडेसुद्धा अजून दिसतात.

टपालवाली: या खेपेला रबर चांगलं लागलं असेल.

जोडेवाला: रबर मीच आणलं. नेहमीचंच.

टपालवाली: मग मी हलकी झाले असेन. काय काय सोडलंय खाण्यातलं.

जोडेवाला: लोणी सोडून माणूस हलका होतो, हवेत चालायला लागत नाही.

टपालवाली: हसवू नका हो सकाळी सकाळी.

जोडेवाला: मी कुठं हसतोय? सरळ सांग. पायात काय घालून फिरतेस?

आक्का: अरे, चहा निवतोय इथं! आधीच बिनदुधाचा. निवला की निव्वळ काढा होतो मेला.

जोडेवाला: आलो, आक्का. बोल गं.

टपालवाली: कापडी जोडे. बाजारातले. कचेरीतल्या माझ्या कपाटात असतात. इथून त्या कोपऱ्यावरच्या कचेरीपर्यंत तुमचे घालून जाते, तिथं बदलते. येताना परत तुमचे.

जोडेवाला: तीन महिने?

टपालवाली: अकरा आठवडे.

जोडेवाला: आणि डावा पाय?

टपालवाली: बरा आहे की.

जोडेवाला: बरा आहे म्हणे! जिना उतरताना कठडा धरतेस. भांडं उचलायला वाकलीस की "आई गं" म्हणतेस. अगं, तो पाय मोडून सांधला तेव्हापासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड आहे. डॉक्टरनं पट्टी लावून मोजला, त्याला नाही सापडलं. मला तुझ्या चालण्याच्या आवाजावरून सापडलं. तेव्हापासून डाव्या टाचेत दोन सूत जास्त घालतोय. बाजारातल्या जोड्याला काय ठाऊक, आत कुणाचा पाय आहे?

टपालवाली: तो सगळ्यांना सारखंच धरतो. दुपारनंतर कंबर बोलायला लागते.

जोडेवाला: मग सांगायला काय झालं होतं?

टपालवाली: कसं सांगणार? अंडी सोडली तेव्हा तुम्ही हसलात. मध सोडला तेव्हा विचारलंत, मधमाशांनी आभाराचं पत्र पाठवलं का, आणि टपाल तूच वाटलंस का म्हणून.

जोडेवाला: बरा होता की विनोद.

आक्का: दही सोडलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मी दोन दिवस बोलत नव्हते. विरजण माझ्या हातचं. चाळीस वर्षं मोडलं नव्हतं. घ्या, चहा घ्या.

टपालवाली: वन्सं, तुमच्या विरजणावर राग नव्हता हो माझा.

आक्का: ठाऊक आहे गं. पण वाटीला काय सांगू?

जोडेवाला: आक्का, विषय चामड्याचा चाललाय.

आक्का: मग चालू दे. मी काय पळवून नेतेय? इथंच बसते भाजी निवडत.

टपालवाली: त्या वळणावरच्या गोठ्यात मी पत्र द्यायला जायचे ना, तिथलं वासरू. दर वेळी माझं बोट चोखायचं, आईपासून तोडलेलं म्हणून. एक दिवस गेले तर दावं नुसतं खुंट्याला. कुठं गेलं, हे विचारायचा धीर झाला नाही. घरी येऊन चहा तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. त्या दिवशी ठरवलं, मुक्या जिवांकडून हिसकावलेलं काही घ्यायचं नाही.

जोडेवाला: तेव्हाच सगळं एकदम सोडायचं होतंस. मला एकदाच काय तो धक्का बसला असता.

टपालवाली: एकदम सोडलेलं टिकत नाही. मन चोरपावलांनी मागं जातं. म्हणून एका ऋतूला एक. ते अंगवळणी पडलं, त्याची आठवणही येईना, की मग पुढचं. अंडी, मध, दही, लोणी, शेवटी चहातलं दूध. मग चामड्याची पाळी आली आणि माझा पाय अडला.

जोडेवाला: का?

टपालवाली: का म्हणून काय विचारता? या घरातला प्रत्येक घास चामड्यातून आलाय. तुमची बोटं बघा, चामडं कापायची रापी धरून धरून वाकलीत. त्या हातचे जोडे मी कुठल्या तोंडानं नको म्हणू? दूध नको म्हटलं की दूधवाल्याला वाईट वाटतं. हे नको म्हटलं की तुम्हाला वाटणार, हिनं मलाच नको म्हटलं.

जोडेवाला: वाटलं ना.

टपालवाली: कधी?

जोडेवाला: पहिल्या महिन्यात. तू पिशवीचा चामडी पट्टा काढून कापडी लावलास, तेव्हाच शंका आली. मग ही टाच रोज उलटी करून बघायला लागलो. म्हटलं, दही गेलं, लोणी गेलं, आता आपला नंबर लागला.

टपालवाली: अहो!

जोडेवाला: खोटं कशाला बोलू? चार दिवस रापी हातात धरवेना. एका गिऱ्हाइकाचा उजवा जोडा दोनदा कापला. डावा नाहीच.

आक्का: तो माणूस रागावून गेला. मीच त्याला पाणी दिलं.

टपालवाली: आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?

जोडेवाला: तू बोललीस?

आक्का: दोघंही गोगलगाईचे अवतार. अरे, आता तरी ते खोकं काढ की! रोज दुपारी उघडतोस, बंद करतोस. मला वाटलं, घरात मांजराची पिल्लं आणलीयत.

जोडेवाला: आक्का, तुझ्या पोटात तीळ भिजत नाही.

टपालवाली: कसलं खोकं?

जोडेवाला: वरच्या फळीवर, साच्यांच्या मागं. थांब, तू चढू नकोस त्या पायानं. हे घे. काल संध्याकाळी शेवटचा टाका पडला, म्हणून तर आज विषय काढला. उघड.

टपालवाली: अगं बाई.

जोडेवाला: वरचं कापड तंबूचं आहे, दुहेरी. पाऊस लागला तरी तासभर दम धरेल. तळाला रबर, मध्ये बुचाची पट्टी. सरस लावायची सोय नव्हती, तो हाडाकातड्याचा. म्हणून गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. तीनदा करपली.

आक्का: माझ्या पातेल्यात.

जोडेवाला: पातेलं घासून दिलं मी. आता घाल पायात. बंद आवळू नकोस, मी आवळतो. हं. आता उभी राहा. अशी भिंतीला धरून नाही, दोन्ही पायांवर नीट राहा.

टपालवाली: दोन सूत?

जोडेवाला: दोन सूत. चाल बघू दारापर्यंत. थांबू नको, चाल. हां... हा आवाज. अकरा आठवडे लंगडत होतीस, हा आवाज नव्हता घरात.

आक्का: सरळ दिसतेस गं. इतके दिवस एका बाजूला कललेल्या माठासारखी दिसत होतीस.

टपालवाली: मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल की मग जा बाजारातच.

जोडेवाला: म्हणालो की. मनात. दहा वेळा. मग म्हटलं, चामडं सोडलंय तिनं. पाय तर सोडले नाहीत ना? पाय आहेत तोवर माझं काम आहे.

टपालवाली: आणि तुमच्या गिऱ्हाइकांचे?

जोडेवाला: त्यांचे चामड्याचेच. ते तुला खुपत असेल तर आत्ताच सांग.

टपालवाली: नेम मी घेतलाय, तुम्हाला घातलेला नाही. तुम्ही चहात दूध घातलंत तरी मी काही म्हणणार नाही. मुळात सोडलंत कशाला ते?

जोडेवाला: दोन भांडी कोण घासणार?

आक्का: भांडी मी घासते.

जोडेवाला: आक्का!

टपालवाली: कळलं हो मला. पण आता एक ठरवू या. यापुढं असं पोटात ठेवून राहायचं नाही. मीही नाही, तुम्हीही नाही. कितीही वाईट वाटो.

जोडेवाला: ठरलं.

टपालवाली: शब्द?

जोडेवाला: शब्द. आता काढ ते, बंदाच्या टोकांना गाठी मारून देतो. काय गं? वास काय घेतेस जोड्याचा? नवा आहे, नाक मुरडण्याजोगं काही नाही त्यात.

टपालवाली: काही नाही. छान झालेत.

जोडेवाला: तोंड का उतरलं मग?

टपालवाली: काही नाही म्हटलं ना.

जोडेवाला: आत्ता शब्द दिलास. अजून चहासुद्धा संपला नाही.

टपालवाली: रागावणार नाही ना? यांना मधाचा वास येतोय.

जोडेवाला: मधाचा? छे! मध कुठून येणार? खळ पिठाची, कापड सुताचं, दोरा सुताचा, दोऱ्याला मी... अरे देवा.

आक्का: काय झालं रे?

जोडेवाला: मेण! दोऱ्याला मेण लावलं मी. पोळ्याचं. सुई ओवायच्या आधी हात आपोआप गोळ्याकडे जातो, दोरा त्यावरून ओढला जातो. पस्तीस वर्षं जातोय. सरस आठवणीनं टाळला, चामडं टाळलं, आणि टाक्याटाक्याला माशांचं मेण भरून ठेवलं! कसला गाढव मी!

टपालवाली: असं बोलू नका. हातानं केलं, तुम्ही कुठं केलंत?

जोडेवाला: हात काय शेजाऱ्याचा आहे? दे इकडे. रापी कुठंय माझी?

टपालवाली: काय करताय?

जोडेवाला: उसवतो.

टपालवाली: वेड लागलंय का? तीन आठवड्यांचं काम! शेकडो टाके आहेत. राहू द्या. इतकं कोण बघतंय?

जोडेवाला: तू बघतेस. तुझं नाक बघतंय. रोज सकाळी पाय घालताना तुला आठवेल आणि तू काही बोलणार नाहीस. मग आणखी एक कपाट, आणखी अकरा आठवडे.

टपालवाली: अहो, सगळं हळूहळूच सोडतेय ना मी? मेणाचा नंबर पुढच्या ऋतूत लावू. तोवर घालते.

जोडेवाला: मध तू कधीच सोडलास. सोडलेलं मागच्या दारानं आत घ्यायचं नाही, हे तूच म्हणतेस.

टपालवाली: मोडला तर माझा नेम मोडेल. तुम्ही का जिवाला लावून घेता?

जोडेवाला: मोडायचा तर मोडू दे. पण माझ्या हातून नाही मोडायचा.

आक्का: ऐकलंस? आणि दह्याच्या वेळी हाच मला म्हणत होता, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल.

जोडेवाला: आक्का, तू भाजी निवड.

टपालवाली: बरं, उसवाल. पुढं काय? मेणाशिवाय दोरा टिकेल?

जोडेवाला: नाही टिकणार. पाणी धरेल, कुजेल. म्हणून तर लावतात.

आक्का: वीज गेल्यावर लावायची मेणबत्ती आहे की. ती काय माशांनी केलेली असते?

टपालवाली: ती नाही हो वन्सं, ती खनिज तेलापासून करतात.

जोडेवाला: मेणबत्तीचं भुरभुरतं. दोऱ्याला चिकटत नाही. माझ्या बापानं बघितलं असतं तर साचा फेकून मारला असता... पण थांब. त्यात राळ वितळवून घातली तर? राळ झाडाची. तीच धरून ठेवते. आक्का, मेणबत्ती कुठंय?

आक्का: हे घे. आणि पातेलं मागू नकोस. आधीच सांगते.

जोडेवाला: जुना डबा घेतो. आधी हिला पाठवू दे कामावर. तुझ्या त्या बाजारातल्या जोड्यात आजच्यापुरती बुचाची चकती घाल, डाव्या टाचेखाली. ही घे, कापलेलीच आहे. दोन सूत. जा, उशीर होतोय ना तुला?

टपालवाली: आज फेरी अकराची आहे.

जोडेवाला: मग मघाशी?

टपालवाली: तुम्ही टाच बघू नये म्हणून म्हटलं.

आक्का: आता आणखी काय काय निघायचंय आज, देव जाणे.

टपालवाली: मला दोरा तयार करायला शिकवा. तुम्ही उसवा, मी दोरा करते.

जोडेवाला: दोऱ्याला शिवणाऱ्यानंच हात लावायचा, अशी रीत आहे आमच्याकडे. बापानं मलाही दोन वर्षं लावू दिला नव्हता.

टपालवाली: ठाऊक आहे. सव्वीस वर्षांत मी त्या गोळ्याला बोटसुद्धा लावलं नाही.

जोडेवाला: ये इकडे. बस. हे टोक मी धरतो. मेणबत्तीचा तुकडा तू धर, राळ मग घालू. आधी हाताला वळण लागू दे. दोरा अंगठ्याखाली दाबायचा आणि ओढायचा.

टपालवाली: असा?

जोडेवाला: तसा नको, मागंपुढं घासू नये. तंतू उठतात, दोरा कच्चा होतो. एकाच दिशेनं. सावकाश.

टपालवाली: कुठल्या दिशेनं?

जोडेवाला: माझ्याकडून तुझ्याकडे.