जागच्या जागी चालणारं मशीन

(सकाळ. फोनवर. घरून काम करणाऱ्या सर्व्हिसवालीच्या मांडीवर तान्हं बाळ.)

मालक : नाही गं बाई, बिघाड नाही. किती वेळा सांगू?

सर्व्हिसवाली : मग काका, इथे माझ्या पडद्यावर लाल खूण कशाची येते? तुमचं खोदाईचं मशीन रोज सकाळी चालू होतं, वीतभरही हलत नाही आणि बंद होतं. नवं सॉफ्टवेअर म्हणतंय, काहीतरी बिघडलंय.

मालक : त्याला इतक्या लांबून माझ्या अंगणातलं दिसतं?

सर्व्हिसवाली : मशीनचा मीटर थेट आमच्या कंपनीशी जोडलाय ना. पूर्वी आमच्याकडे विक्रीचं एकीकडे, सुट्या भागांचं दुसरीकडे, सर्व्हिसचं तिसरीकडे, कुणाचा कुणाला पत्ता नसायचा. आता सगळं एकाच पडद्यावर. तुम्ही मागे फिल्टर नेलात, तेही दिसतंय.

मालक : आमची ही असती ना, तर तुमचं सॉफ्टवेअर घरी बसलं असतं. तिलाही ओट्यापाशी उभ्या उभ्या असंच सगळं दिसायचं.

सर्व्हिसवाली : थांबा हं जरा... हं, बोला.

मालक : बाळ उठलं का?

सर्व्हिसवाली : नाही. बराच वेळ हलली नाही, म्हणून नाकाशी बोट धरून बघितलं.

मालक : चालू आहे ना श्वास?

सर्व्हिसवाली : आहे.

मालक : मग झोपू दे. येता-जाता अशी तपासणी केलीस, तर मोठी होऊन तुमच्याच कंपनीत लागायची.

सर्व्हिसवाली : काका, विषय बदलू नका. साहेबांनी सांगितलंय, काम नसलेली मशीनं वेगळी काढा. एक तारखेपासून त्या मालकांना आम्ही फोन करायचा नाही. रेकॉर्ड केलेला आवाज जाईल. एक दाबा, दोन दाबा.

मालक : आणि तू?

सर्व्हिसवाली : ज्यांची तक्रार असेल, फक्त त्यांना.

मालक : असं आहे होय.

सर्व्हिसवाली : म्हणून विचारते. मशीन रोज चालू का करता?

मालक : आता काय सांगायचं? पोरगा लांब नोकरीला गेला, माझे गुडघे गेले. मशीन तसंच उभं. एकदा धुवायला म्हणून चालू केलं, तर दुसऱ्या दिवशी तुझा फोन. काका, काम निघालं का, ऑइल बदलायचं का. वर, जेवलात का तेही विचारलंस. म्हटलं, बरं आहे की. किल्ली फिरवली की कुणीतरी बोलतं.

सर्व्हिसवाली : पण मी काही रोज फोन करत नाही.

मालक : नाहीच करत. पण रोज फिरवली तर कधीतरी करतेस.

सर्व्हिसवाली : डिझेल फुकट जळतं हो.

मालक : जळू दे. सिगरेट सोडल्यापासून तेवढाच धूर.

सर्व्हिसवाली : मग मी तक्रार नोंदवू? पंप गळतो म्हणून लिहिते.

मालक : अजिबात नाही. त्या मशीननं माझं घर उभं केलं, कधी दगा दिला नाही. आता म्हातारपणी त्याच्यावर आळ घेऊ? शिवाय तुमच्या मेकॅनिकला फुकटचा हेलपाटा.

सर्व्हिसवाली : मग खूण पुसावी लागेल. पुसली की तुम्हालाही तो रेकॉर्ड केलेला आवाज.

मालक : पुस. तुझी नोकरी आहे.

सर्व्हिसवाली : हो.

मालक : पुसलीस?

सर्व्हिसवाली : नाही.

मालक : का गं?

सर्व्हिसवाली : सकाळपासून फोनच लावतेय, काका. लोक हो, नको, नंतर बघू, एवढंच म्हणतात, की ठेवला. ह्यांचं काम लांबच्या साइटवर. घरी आले की झोपतात. शेजारचं दार अजून उघडं बघितलं नाही मी. दिवसभर हिच्याशी बोलते, ती काय उत्तर देणार? हिला काही झालं तर पहिल्यांदा कुणाला हाक मारायची, हेच मनात घोळत असतं. बाळ उठलं का, हे आज तुम्ही एकट्यानंच विचारलंत.

मालक : खूण तशीच ठेवलीस तर साहेब रागावतील?

सर्व्हिसवाली : कारण लिहिलं तर नाही. पण मेकॅनिक पाठवावा लागू नये असं कारण हवं. आणि खोटं तुम्हाला चालत नाही.

मालक : खोटं कशाला? खरं तेच लिही. मशीन जागच्या जागी चालतं. का चालतं, ते मालक धड सांगत नाहीत. पुन्हा विचारावं लागेल.

सर्व्हिसवाली : कधी विचारू?

मालक : उद्या सकाळी विचार. उद्याही मी धड सांगणार नाही.