विमलचं सोपं गणित

माझं माहेर ताडकळसकडचं, नाव चंद्रभागा. लग्न होऊन वालूरच्या बाजूला आले तेव्हापासून दुसऱ्याच्या रानात खुरपते. पुढं बायकांची टोळीच माझ्या हाताखाली आली, कोणाच्या रानात कधी जायचं ते मी ठरवते, मालकसुद्धा माझ्या तोंडाला भितात. शाळा मी पाहिली न्हाई. आमी धम्मात आलो तेव्हा बापानं घरातले देव नदीत सोडले आणि म्हणला, आता लेकरं शिकवा, पण मी तोवर नांदायला आलेले. म्हणून विमल झाली तेव्हाच ठरवलं, हिच्या हाती खुरपं द्यायचं न्हाई.

काय सांगू तुमाला, पोरगी लय हुशार निघाली. एकदा परभणीहून शेतकीचे एक साहेब भिंग घेऊन रानात आले, ज्वारीच्या कणसावरला रोग बघायले होते, विमल माझी भाकर घेऊन आलेली, तिनं सरळ म्हणलं, साहेब, मला बघू द्या. त्यांनी दिलं. घरी येईस्तोवर तिचं एकच, माय, मला हेच शिकायचंय. मी म्हणले, शीक की, कोण नको म्हणायलंय.

मॅट्रिकच्या आधी गुरुजींनी वर्गाचे दोन भाग केले. बीजगणित-भूमिती देशमुखांच्या, व्यापाऱ्यांच्या पोरांना, आणि सोपं गणित पोरींना अन् आमच्या वस्तीतल्या लेकरांना. गुरुजी वाईट न्हाईत हो. स्वतः घरी आले, आमच्या हातचा चहा प्यायले, त्या वेळी कोण पीत होतं? म्हणले, चंद्राबाई, नापास झालं की तुमी लेकराला शाळेतून काढता, मला तुमचं एकबी लेकरू नापास होऊ द्यायचं न्हाई. मी हात जोडले. विमल दारात उभी होती, म्हणली, गुरुजी, मला अवघड जमतंय. ते हसले. जमतंय म्हणून तर पहिली येशील, म्हणले.

आली पहिली. वस्तीत पेढे वाटले, आणि मायलेकी परभणीला शेतकीच्या कॉलेजात गेलो. रांगेत आमच्याच शाळेचा सुधाकर, देशमुखाचा, म्हणतो, काय ग विमल, तू इथं कशाला? तुझ्यासाठी जागा धरायला, ती म्हणली. खिडकीतल्या माणसानं कागद बघितला आणि म्हणला, बाई, हिला गणित न्हाई. मी म्हणले, अहो नीट बघा, गणितात शाळेत हिच्याइतके मार्क कोणाला न्हाईत. तो म्हणला, हे गणित इथं चालत न्हाई, नियम हाय, शाळेनं सांगितलं न्हाई का? मालकाशी भांडते तशी भांडले, त्याचा आवाज काही चढला न्हाई. सुधाकरला कमी मार्क, तो आत गेला. विमल म्हणली, माय, चल.

गुरुजींना जाऊन विचारलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणले, चंद्राबाई, कॉलेजचं माझ्या मनातच आलं न्हाई. म्हणजे पास होईपर्यंतच त्यांनी आमचा विचार केला होता. पुन्हा परीक्षेला बसवा, गुरुजी म्हणले, पण वस्तीत ते गणित येणारं कोण होतं, आणि शाळेत पास झालेल्या पोरीला बसू कोण देतं? वर्षभर विमल घरात बसून राहिली. एका सकाळी टोळी निघाली तेव्हा तिनं आपणच भिंतीला लावलेलं दुसरं खुरपं उचललं. आमी पुढं मागं चालत गेलो.

मग तिला ताडकळसला दिली. जावई बरा हाय.

आता धाकटी सुमन शिकायलीय. तिच्या वेळी मीच शाळेत गेले, म्हणले, हिला अवघडच द्या, नापास झाली तर माझं मी बघते. गुरुजींनी दिलं. औंदा ती गणितातच राहिली, पुन्हा बसणार हाय. मी काही तिला काढत न्हाई, तिचं भलं होवो. विमल माहेरी आली की लेकराला मांडीवर झोपवते आणि सुमनचं भूमितीचं पुस्तक ओढून घेते, हाक मारली तरी ऐकू येत न्हाई तिला. मग पान उलटत आपल्याशीच म्हणते, माय, एवढं काही अवघड न्हाई ग हे.