रूडचा पहिला अर्थ

...आणि वर मलाच म्हणती, "अप्पा, किती रूड बोललात तुम्ही." आता तुम्हाला सांगतो, मी सावळीराम, मखमलाबादला झेंडू लावतो, सातवी शिकलेला, मला काय ठाऊक रूड म्हणजे काय? झालं असं, आमच्या दिशाला बघायला पुण्याचे पाहुणे आले. मुलाचे वडील चमचाभर पोहे घेऊन म्हणतात, "बस, बस, इतकेच." मी म्हटलं, "एवढ्यात चिमणीचं तरी भागतं का? खा गपगुमान." ते हसले, खाल्ले. मग मुलाकडं बघून मी आपलं मायेनं विचारलं, "लय वाळलाय हो, घरी जेवायला घालता का नाय?" काय वाईट बोललो मी, सांगा. परक्याला कोण असं विचारतं? पण पाहुण्यांची गाडी वळली अन् पोरगी तोंड फुगवून बसली. रूड.

दुसऱ्या दिवशी कुंदन मास्तरांकडं गेलो, इंग्रजी शिकवायचे ते, आता रिटायर आहेत. त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली, चष्मा पुसला, "हं... पहिला अर्थ, उद्धट, असभ्य. दुसरा, ओबडधोबड. तब्येतीला लावला तर ठणठणीत. आणि मूळ शब्द लॅटिन बरं का सावळीराम, त्याचा अर्थ कच्चा, न घडवलेला, टाकी न लागलेल्या दगडासारखा." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... कच्चा तर कच्चा, दगड तर दगड, त्यात शिवी कुठं हाय? घरी येऊन म्हटलं, "अगं दिशा, लॅटिनमध्ये..."

"अप्पा, मी पहिल्याच अर्थानं म्हणाले."

मुलगा तिच्या मनात भरला होता, ते मला दिसत होतं. तिनंच कागदावर लिहून दिलं, म्हणाली, फोन लावा, एवढंच वाचा, मधे आपलं काही घालू नका. मी अंगणात उभा राहून वाचलं, "नमस्कार. आपण आमच्या घरी आलात, आभारी आहोत. आमच्यामुळे आपल्याला तसदी झाली, त्याबद्दल क्षमस्व." काय वाईट बोललो मी? मग मुलाचे वडील हळू आवाजात म्हणाले, "समजलं, सावळीरामराव. असतात एकेकाचे योग." अन् ठेवला फोन. मी घरात येऊन सांगितलं, माफ केलं त्यांनी. पोरगी हसली, मलाच दोनदा चहा करून दिला.

आठ दिवस वाट बघितली. मग अमितचा फोन आला, त्यानंच हे स्थळ आणलं होतं. "काय अप्पा, एवढं सोन्यासारखं स्थळ, नकार का कळवला?" अरे, कधी कळवला? तर म्हणे, लग्नाच्या बोलण्यात क्षमस्व म्हटलं की नाय असाच अर्थ असतो, अन् त्या मुलाची परवा दुसरीकडं सुपारीपण फुटली. दिशाला सांगितलं. तिनं पाटी उचलली अन् झेंडू तोडायला गेली... त्या दिवशी तोडा नव्हता.

अमित म्हणाला, "अप्पा, तुमच्यावर त्यांचा राग नाय बरं का. पुण्यात सगळ्यांना सांगतात, माणूस मोठा अदबीचा, नाय म्हणाला तेसुद्धा किती गोड शब्दांत."